माहेरची ओटी

म्हाताऱ्या हिराजी तांडेलाने वल्हं पाण्यात उभं धरलं आणि त्याच्या मुठीला कान लावला. समोर सून चांगुणा मांडीवर ओटीचं ताट घेऊन बसली होती. तांडेल ऐकत असताना होडीत बोलायचं नाही, ही रीत. घोळ मासळी अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी आली की बेडकासारखी घुमते, आणि ते घुमणं लाकडातून थेट कानात उतरतं. तांडेलाने हात वर केला, की लेक बाळंतपणाला माहेरी आली म्हणायचं आणि तिची ओटी भरायची.

चार वर्षं वल्ह्यातून नुसतं धाड धाड ऐकू येत होतं. नव्या बंदराचे लोखंडी खांब समुद्रात ठोकत होते. “या दणक्यात मासळीला एकमेकींची हाक तरी ऐकू येईल का?” असं विचारत चांगुणाने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे विणीच्या हंगामात पंधरा दिवस काम बंद ठेवायचा हुकूम निघाला. आज त्यातला शेवटचा दिवस.

पाणी गप्पगार होतं. हिराजीने तीनदा जागा बदलली, तीनदा कान लावला. त्याला फक्त स्वतःच्या काळजाची धडधड ऐकू आली. दणके थांबले होते, पण हाक मारायला कुणी उरलंच नव्हतं.

त्याने डोळे उघडले, तर चांगुणा त्याच्या हाताकडेच बघत होती. वल्ह्याला कान लावून तो उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता.

त्याने हात वर केला.

“आली ना, बाबा?” म्हणत तिने डोळे पुसले आणि ओटीचा नारळ दोन्ही हातांनी अलगद त्या रिकाम्या पाण्यात सोडला.