कुणी पडत नाही असा वॉर्ड

"पण पडलेल्यांची नोंदच करत नसतील तर?" साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"म्हणून तर एक्सरेही पाहिले, सर. पडल्याचं लपवता येईल, मोडलेलं हाड कसं लपवणार?" ती म्हणाली.

इस्पितळात तिला सगळे आकडेबाई म्हणत. नवी पद्धत सुरू झाली की ती खरंच उपयोगी पडते का, हे तिने शोधायचं. त्यासाठी वेगळी मोजदाद नाही. कोण पडलं, कुणाचा एक्सरे निघाला, स्टोअरमधून काय गेलं, हे रोज लिहिलं जातंच. तेच निरखून पाहायचं. या खेपेला प्रश्न म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डचा होता. तिथल्या सिस्टर तासातासाला फेरी मारून 'पाणी हवंय का, बाथरूमला जायचंय का' असं विचारू लागल्या होत्या. इतर वॉर्डांत माणसं पडतच होती. इथे सहा महिन्यांत एकही नाही.

"आणि ही काय भानगड?" साहेबांचं बोट तिच्या अहवालाच्या शेवटच्या ओळीवर थांबलं. "जखमेचा एक पेशंट नाही, आणि बँडेजच्या पट्ट्या दुप्पट?"

तिने कागद आपल्याकडे ओढला.

"स्टोअरचा घोळ असेल. ती ओळ काढते मी. आपला प्रश्न पडण्याचा आहे."

"काढा. उगाच फाटे नकोत."

त्याच आठवड्यात तिने वशिला लावून आईसाठी त्या वॉर्डात खाट मिळवली.

आई घरी दोनदा पडली होती. दुसऱ्या वेळी भुवईला टाके पडले. तेव्हापासून रात्री कुठे खुट्ट झालं तरी हिच्या काळजाचं पाणी व्हायचं. धड झोप नाही, कामात लक्ष नाही.

"तिथे कुणी पडत नाही, आई," तिने समजावलं. "मी स्वतः तपासलंय."

आता रोज दुपारी ती वॉर्डात जाई. आई गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडलेली असे. ही चमच्याने भरवी, ओठ पुशी.

आजही भरवून झालं.

"नाकाला खाज सुटलीय गं," आई म्हणाली.

"लाडोबा झालीस अगदी!" हसत तिने आईचं नाक खाजवलं.

शेजारून जाणाऱ्या मोठ्या सिस्टर थबकल्या. "आजी शहाण्या झाल्यात हो आता. पहिले दोन दिवस काय तो दंगा!"

"ऐकलंस?" सिस्टर पुढे गेल्यावर ती आईकडे झुकली. "आज साहेबांनी सही केली. तुझ्या लेकीच्या अहवालामुळे आता सगळ्या वॉर्डांत हीच पद्धत."

आईने डोळे मिटले. कडेने पाणी ओघळलं. तिने ते पदराने टिपलं.

"घरी ने मला," आई म्हणाली. "मी पडणार नाही. खुर्चीतून उठणारसुद्धा नाही, तुझी शपथ."

"असं नाही करायचं, आई."

"एवढी आकड्यांतली हुशार तू. तुला कळत कसं नाही गं?"

"कळतं ना," ती मायेने म्हणाली.

तिने पांघरुणाखाली हात घालून चाचपलं. आईचं मनगट खाटेच्या दांडीला बांधणारी पट्टी जरा सैल झाली होती. तिने ती आवळून पुन्हा गाठ मारली.