काकांना आवडलेली गाडी

या, जरा जवळ सरकून बसा. आखाती मुलखातल्या जहरा गावच्या अबू मुतलकांची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण कान आणि मन दोन्ही इकडे असू द्या.

अबू मुतलककाकांनी हात पुढे केला होता आणि तो मागे घेतलाच नाही.

"दे," ते म्हणाले.

त्यांचा पुतण्या थामर बघतच राहिला. काकांनी आपल्या घरच्या बैठकीतून बाहेर येऊन त्याच्या पिवळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला होता आणि "माशाअल्लाह, छान आहे रे" एवढंच म्हटलं होतं. वडीलधाऱ्याने आपली वस्तू वाखाणली की जे म्हणायचं तेच थामर म्हणाला होता, "तुमचीच आहे काका, घ्या." मग समोरच्याने म्हणायचं असतं, "तुलाच शोभते, अल्ला बरकत देवो." घड्याळ असो, ससाणा असो, हे असंच चालत आलेलं. खरोखर घेतं कोण? पण काकांचा हात तसाच पुढे, आणि दारात सगळी बैठक उभी. दिलेला शब्द सगळ्यांदेखत गिळायचा कसा? थामरने चावी दिली.

काका ती मुठीत धरून आत गेले, आपल्या कोपऱ्यात बसले आणि माळ ओढू लागले.

जर्राह मात्र पोट धरून हसत होता. जर्राह म्हणजे थामरचा चुलतभाऊ, चंदेरी जर्मन गाडीचा मालक. अख्खा हिवाळा या दोघांनी बैठकीत डोकं उठवलं होतं. थामरची अमेरिकन, सातशे घोड्यांची. सुरू केली की गल्लीतली मांजरं भिंतीवर चढायची. जर्राहच्या गाडीत घोडे कमी, पण सिग्नल सुटला की तीच पुढे, असं त्याचं म्हणणं.

"तुझी सरळ रस्त्यावर शूर," जर्राह म्हणायचा. "वळण आलं की आईला हाक मारते."

"आणि तुझी गॅरेजमध्येच राहते. तिथं भाडं तरी भरतोस का?"

मग दिसण्यावरून जुंपायची. मग टायर कोणाचे लवकर झिजतात, ऑगस्टच्या उन्हात कोणाचं इंजिन धापा टाकतं, पार्ट यायला कोणाला रमजान उजाडतो. पळते कशी, दिसते कशी, पडते केवढ्याला, याच तीन गोष्टी रोज, आणि रोज अर्धवट. निकालाची वेळ आली की अजान व्हायची, नाहीतर कोणीतरी कॉफीचा पेला हलवून "पुरे" म्हणायचं. थामरला त्याचाच वीट आला होता. शेवटी दोघांनी ठरवलं, शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर सालमीच्या मोकळ्या रस्त्यावर शर्यत लावून काय तो निकाल लावायचा. कोपऱ्यातल्या काकांना ऐकू कमी येतं, असंच सगळे धरून चालायचे.

आणि गुरुवारी संध्याकाळी हे असं.

"म्हातारा खुळावलाय," घरी आल्यावर थामर आईपाशी चिडला. "लायसन्स नाही, गुडघे चालत नाहीत. करणार काय गाडीचं?" आईने फक्त त्याच्यापुढे ताट सरकवलं आणि ती आत निघून गेली. त्याने थामर आणखीच भडकला.

पहाटे तो वडिलांची पिकअप घेऊन सालमीच्या रस्त्यावर गेला. शर्यत तर गेलीच होती; निदान जर्राहचे टोमणे समोरासमोर ऐकावेत, नाहीतर तो गावभर "पळाला" म्हणून सांगत सुटायचा. ऊन वर आलं. मेंढ्यांचा एक ट्रक गेला, पाण्याचा एक टँकर गेला. जर्राह आलाच नाही. त्याला फोन लावला तर बंद. थामरने स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि पिकअप थेट काकांच्या घराकडे वळवली. जनलाज गेली खड्ड्यात. गाडी परत मागायची.

फाटकाच्या पायरीवर जर्राह बसला होता. बोडका, डोक्याचा रुमाल मांडीवर.

"मशिदीतून बाहेर पडलो," तो खाली मान घालून म्हणाला, "तर काका माझ्या गाडीपाशी उभे. म्हणाले, छान आहे रे."

"आणि तू म्हणालास?"

"तोंडातून निघूनच गेलं. मग मीच आणून लावली, तुझीही आत घेतली."

थामरला हसावं की रडावं कळेना. मांडवाखाली दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, पिवळी आणि चंदेरी. त्यांच्या पलीकडे ताडपत्रीखाली झाकलेला तो जुना ढीग. लहानपणी तिकडे खेळायला गेलं की मार बसायचा. पुढे त्याबद्दल विचारायचंच राहून गेलं.

काका काठी टेकत बाहेर आले. थामरने येताना जुळवलेली वाक्यं ओठांवर आणली. काका त्याच्याकडे न बघता पुढे गेले आणि ताडपत्रीची दोरी सोडायला लागले. गाठ सुटेना. जर्राह उठला, त्याने हात लावला. ताडपत्री खाली घसरली.

तीही गाडीच होती. लाल असावी. पुढचा भाग सीटपर्यंत आत आलेला, छत पिळलेलं, आरशाला एक निळा मणी अजून लोंबत होता. दारावर वाळू आणि सालमीच्या रस्त्याचा डांबरी ओरखडा.

काकांनी खिशातून दोन्ही चाव्या काढल्या आणि दोघांच्या तळहातांवर एकेक ठेवली.

"पळते कशी, दिसते कशी, ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "पडते केवढ्याला, ते मला विचारा."

त्या सकाळी कोणतीच गाडी सुरू झाली नाही, पिकअपसुद्धा. दोघं घरी चालत गेले.

आता एवढंच करा. त्यांच्याकडे बापाला लेकाच्या नावाने हाक मारतात; अबू मुतलक, म्हणजे मुतलकचा बाप. कधी कोणी "अबू मुतलक" म्हणताना कानावर आलं, तर क्षणभर थांबून त्या लाल गाडीतल्या मुतलकचीही आठवण काढा.