शून्यापासून

एस्तेर मॅडम कॉम्प्युटर शिकवायच्या, त्यामुळे मोजायच्या त्या शून्यापासून. गणिताच्या नोहा सरांपेक्षा त्यांचा आकडा कायम एकानं कमी, आणि स्टाफरूमला हसायला निमित्त.

मृतांच्या स्मरणदिनी जुने प्राचार्य फादर लिनस यांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून सगळे कॉलेजच्या मिनीबसमध्ये बसले. घोडेगावच्या बाजारात जनावरं मोजावीत तशी दोघांनी डोकी मोजली.

"चौदा," सर म्हणाले.

"चौदा," मॅडम म्हणाल्या.

"अखेर आलात आमच्या पंथात! एकापासून मोजलंत."

"नाही हो सर, शून्यापासूनच."

म्हणजे मॅडमच्या मोजणीत एक माणूस जास्त होता. त्यांनी पुन्हा एकेक चेहरा पाहिला. परकं कोणीच नव्हतं. मागच्या खिडकीशी फादर लिनस नेहमीसारखे डुलक्या घेत होते.