उन्हातली अभ्यासिका

गच्चीवर सतरंजी अंथरून हेमंत लोखंड्यांनी लेकीसमोर स्कॉलरशिपचं गाईड ठेवलं, तेव्हा स्वतःच्या हुशारीवर ते मनोमन खूश होते. शाल्मलीच्या चष्म्याचा नंबर भराभर वाढत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज दोन तास तरी बाहेर, उजेडात खेळू द्या तिला. नंबर असाच वाढत राहिला, तर पुढे डोळ्याच्या पडद्याला धोका आहे."

लोखंड्यांनी सल्ल्यातला उजेड तेवढा घेतला आणि खेळ वगळला. एका वेळेत दोन कामं उरकली की त्यांना फार बरं वाटायचं.

"अहो, त्यांनी मैदान सांगितलं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही अभ्यासिकाच गच्चीवर नेलीत."

"मैदानातलं ऊन काय वेगळं असतं?"

शाल्मली मात्र दिवसेंदिवस पुस्तकावर जास्तच वाकू लागली. पोरीचं अभ्यासात मन लागलंय, असं लोखंडे शेजाऱ्यांना सांगत सुटले.

परीक्षा तोंडावर आली असताना एका दुपारी ते लवकर घरी परतले. ती गच्चीच्या कठड्याशी उभी होती, नाकावर चष्मा, अंगावर लख्ख ऊन. फाटकापाशी थांबून त्यांनी कौतुकानं हात हलवला. तिनं मान पुढे काढली, डोळे बारीक केले आणि ती त्यांच्याकडेच पाहत राहिली. त्यांनी पुन्हा हात हलवला.

"बाबा घरी नाहीत, काका," ती अदबीनं म्हणाली. "संध्याकाळी या."