अर्धा सूर खाली

त्याने नादकाटा पुन्हा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. दोन दांड्यांचा तो पोलादी चिमटा तीस वर्षं त्याच्याकडे होता, आणि तीस वर्षं एकच सूर देत होता. आज तो सूर उतरला होता. चांगला अर्धा सूर खाली.

शाळेच्या संगीताच्या बाई पियानोला टेकून उभ्या होत्या. “काका, तुम्ही सोमवारी लावून गेलात तेव्हापासून मुलांचा आवाजच पोचत नाहीये वरपर्यंत,” त्या म्हणाल्या. “बासरीवाली मुलगी तर रडकुंडीला आलीय. माझंच काही चुकतंय का?”

पियानोत दोष नाही हे दाखवायलाच त्याने पिशवीच्या तळातून नादकाटा काढला होता. एरवी त्याला तो लागत नसे. फरशीवर चमचा पडला तरी कोणत्या सुरात पडला हे सांगणारा माणूस तो. सोमवारी पहिली पट्टी दाबताच पियानो साफ उतरलाय असं त्याला वाटलं होतं. मग चावी घेऊन त्याने दोनशेच्या वर खुंट्या एकेक करून पिळल्या. दोन तारा तुटल्या, त्या नव्या घातल्या. आणि चांगलं काम झालं म्हणून घाम पुसत घरी गेला.

आता त्याने पियानोचा ‘ला’, म्हणजे नादकाट्याचाच सूर, वाजवला आणि लगेच नादकाटा. एक वर, एक खाली. तारा दमट हवेने उतरतात, पियानो हलवला की उतरतात. पोलादाचा काटा आपोआप उतरत नाही. तो स्टुलावर बसला.

गोळ्या सुरू होऊन आज बारा दिवस झाले होते. त्याआधी चार वर्षं त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. कधी तो आठ-आठ दिवस न थकता बोलत सुटायचा, कधी अंथरुणातून उठायचा नाही. त्या दिवसांत दोनदा तो घरातून उठून नदीच्या पुलाकडे चालू लागला होता. दोन्ही वेळा पुलाच्या मध्यावर पोचायच्या आत बायको मागे येऊन उभी राहिली होती. ती इतक्या लवकर कशी आली, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी मनाचा तोल सांभाळणारी गोळी लिहून दिली. काय काय त्रास होईल तेही सांगितलं, आणि तो सगळा झाला. उठताना भोवळ यायची. तोंडाला कोरड पडायची. एका माणसाची दोन दिसायची. जेवल्यावर तो बसल्या जागी पेंगायचा. हे सगळं त्याने वहीत तारखेनिशी लिहिलं होतं आणि निमूट सोसलं होतं. बायकोचा आवाज घोगरा वाटू लागला, ते मात्र लिहिलं नव्हतं. तिला सर्दी झाली असेल असं तो धरून चालला. रेडिओवरची बातम्यांची धून जड येऊ लागली, तर त्याने सेल बदलले. आपला कान चुकेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यातून त्याने फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“होतं असं, फार क्वचित,” त्या म्हणाल्या. “या गोळीने काहींना सूर खालचा ऐकू येतो. मी वाचलं होतं, पेशंट पहिल्यांदाच भेटतोय. गोळी बदलू, कान बहुतेक पहिल्यासारखा होईल. पण मनाने बंद करू नका. आजची घ्या आणि उद्या सकाळी या.”

तो आत गेला आणि बाईंना म्हणाला, “चूक तुमची नाही, माझी आहे.” कामाच्या बाबतीत हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं. ते बोलताना त्याला स्वतःचा आवाजही परका वाटला.

घरी आल्यावर त्याने गोळ्यांची पट्टी टेबलावर टाकली. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

“आता ही घेणार नाही,” तो म्हणाला. “आजचीही नाही. लोकांनी मला वेडा म्हटलेलं चालेल. पण कान गेलेल्या माणसाला पियानो लावायला कोण बोलावणार?”

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. डॉक्टरीणबाईंनी हळूहळू ती गोळी कमी करून दुसरी सुरू केली. नव्या गोळीने हात थोडा थरथरतो, पण महिनाभरात कान जागेवर आला. तोवर शाळा थांबणार नव्हती. म्हणून सूर मोजून दाखवणाऱ्या ज्या काटेवाल्या यंत्राची त्याने जन्मभर टिंगल केली, तेच उसनं आणून, काटा बघत बघत त्याने पियानो खाली आणला. एकेक सूर त्याच्या कानाला चुकीचा लागत होता. दोन दिवस तो दात आवळून ते काम करत राहिला.

पण त्या संध्याकाळची गोळी त्याने घेतली, ती काही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून नव्हे. बायकोने हातातला सदरा बाजूला ठेवला होता, आणि जराही आवाज न चढवता ती म्हणाली होती, “तुमचं तुम्ही ठरवा. चार वर्षं मी चपला घालून झोपत होते. हे बारा दिवस काढून झोपले.”