शंभर टक्क्यांचा खांब

पडद्यावर एकच निळा खांब उभा होता, थेट वरपर्यंत. शंभर टक्के! "सॉफ्टवेअर तुमच्याकडे नीट चालतं का?" या प्रश्नाला आलेलं एकूण एक उत्तर 'हो' होतं. संख्याशास्त्राच्या बाई हुरळून गेल्या नसत्या तरच नवल. नवऱ्याला त्यांनी तो आलेख येता-जाता दाखवला, आणि त्या बिचाऱ्यानेही दर वेळी पहिल्यांदाच बघतोय असा चेहरा केला.

कारणही तसंच होतं. ऑनलाइन वर्गात बाई फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकवत. विभागप्रमुखांना मात्र विकतचंच परत आणायचं होतं, आणि आजच्या बैठकीत त्याचा निकाल लागणार होता. विकतचं आलं, तर ज्यांना ते परवडणार नाही त्या मुलांनी काय करायचं? या विचाराने बाईंचा जीव तुटत होता. आता हा खांब दाखवला की प्रमुखांचं तोंड बंद!

बैठक सुरू झाली. पडद्यावरच्या चौकटींतून एकेक चेहरा उगवला. प्रमुखांनी घसा खाकरला आणि ते म्हणाले, "ज्यांना माझा आवाज येत नाही, त्यांनी हात वर करा."

कोणीच हात वर केला नाही. म्हणजे सगळ्यांना येतोय, असं म्हणून ते समाधानाने पुढे सरकले. बाईंना हसू आवरेना. कॅमेरा बंद करून त्या पोटभर हसल्या. अहो, ज्याला ऐकूच येत नाही, तो हा हुकूम तरी कसा ऐकणार?

आणि हसता हसताच त्यांना आपला खांब आठवला. आपला प्रश्न गृहपाठात होता. गृहपाठ त्याच सॉफ्टवेअरमधून करून पाठवायचा होता. निम्म्या वर्गाचा आलाच नव्हता, आणि बाईंनी त्या सगळ्यांना खुशाल आळशी ठरवून टाकलं होतं.

इतरांचं बोलणं चालू होतं, तेवढ्यात त्यांनी माइक बंद ठेवून गृहपाठ न पाठवलेल्यांतल्याच एका मुलीला फोन लावला. ती आधी घाबरलीच.

"मॅडम, ते माझ्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही," ती म्हणाली. "मग उत्तर पाठवू कशातून?"

झाली का पंचाईत! खांब दाखवून गप्प बसलं, तर कोणाला काही कळणार नव्हतं. खरं सांगितलं, तर विकतचंच परत येणार. तेवढ्यात बाईंची पाळी आली. त्यांनी खांब दाखवला, आणि त्याच दमात सांगूनही टाकलं, की हा आकडा फसवा आहे. ज्यांचं चालतं त्यांचीच उत्तरं आली. ज्यांचं चालत नाही ते यात नाहीतच, आणि ही चूक माझी.

बाईंना वाटलं, सगळं संपलं. पण प्रमुख चक्क ओशाळं हसले.

"मॅडम, तुमचं आहे ते चालू राहू द्या. ज्यांचा गृहपाठ आला नाही त्या मुलांचे नंबर पाठवा, अर्धे फोन मी करतो. मागच्या वर्षी विकतच्या सॉफ्टवेअरचा माझाही आकडा शंभर टक्के आला होता, त्याच्याच जोरावर मी भांडत होतो. आणि उत्तरं मीही त्याच्यातूनच मागवली होती."