फरशीखालची वायर

"मागच्या तपासणीला तुम्ही डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं, साहेब. उभ्या उभ्या सही ठोकलीत आणि चालते झालात."

वीज कार्यालयाचा तपासनीस बूट काढता काढता थांबला. नव्या डब्याची तपासणी करायला आला होता, तर घरच्या बाईने त्याला दारातच धरलं.

जुना फ्यूजचा डबा वायरमनने सकाळीच उतरवला होता. नवा बसवला, आणि तो भलताच शहाणा निघाला. बाईने धुण्याच्या मशीनला ओला हात लावला की बटण खाडकन खाली, घरातली वीज बंद. नवरा म्हणाला, "माल डुप्लिकेट आहे. जुनाच परत लाव." वायरमनने त्याचं ऐकलं नाही. मीटर घेऊन, अर्थिंगची वायर तपासत तपासत तो मागच्या अंगणापर्यंत गेला आणि भिंतीलगतची एक फरशी उचकटली. खाली वायर कापलेली होती. कापलेल्या टोकाला काळी टेप, अगदी नीटनेटकी गुंडाळलेली.

"ताई, मशीनच्या पत्र्यात करंट उतरतोय," तो म्हणाला. "त्याला जमिनीत जायला वाट लागते. ती वाटच कापलीय. मग तो तुमच्यातून जायचा. जुन्या डब्याला हे कळत नव्हतं, याला कळतं."

अंगणात फरशी घातल्यापासून ती सांगत होती, मशीनला हात लावला की मुंग्या येतात. नवरा पाहुण्यांसमोर म्हणायचा, "हिच्या हातात बल्ब द्या, पेटतो की नाही बघा." पाहुणे हसायचे. तीही हसायची.

"बाई, उगाच माझ्यावर ढकलू नका," तपासनीस म्हणाला.

"मग कुणावर ढकलू? तपासणी तुमची, सही तुमची."

"अगं, साहेबांना आत तर येऊ दे," नवरा मध्ये पडला. "मनावर घेऊ नका हो साहेब. बायकांना यातलं काय कळतं?"

"मला एवढं कळतं की वर तक्रार करता येते. उद्याच जाणार आहे मी, ती कापलेली वायर घेऊन."

तपासनिसाचा चेहरा उतरला. स्वतःच्या नोकरीवर आलं की असल्या माणसांना खरं बोलायला वेळ लागत नाही.

"मग तुमच्या मिस्टरांनाच विचारा ना. अंगणात फरशी घालताना वायर आडवी येत होती, म्हणून त्यांनीच कापली. मला म्हणाले, साहेब, आज सही द्या, फरशीचं काम उरकलं की जोडून घेतो. मी शब्दावर विश्वास ठेवला. चूक झाली, कबूल."

वायरमन खाली बसून स्क्रू गोळा करायला लागला. गोळा करण्यासारखे फारसे नव्हतेच.

नवरा खाकरला. "राहून गेलं गं. फरशी इतकी सरळ बसली होती, पुन्हा कोण उचकटत बसणार? आणि कुणाला काही झालं का? आता जोडतोय ना तो. संपलं."

ती त्याच्याकडे वळली. तपासनिसाशी भांडताना चढलेला आवाज आता अगदी खाली आला.

"मुंग्या येतात म्हणून तुम्हीच मला डॉक्टरांकडे नेलं होतंत. मी त्यांना बोटं दाखवत होते, तुम्ही बाजूच्या खुर्चीत बसला होतात. ते म्हणाले, नसांचं दुखणं दिसतंय. तुम्ही मान हलवलीत. येताना रिक्षात म्हणालात, घाबरू नकोस, मी आहे. त्या खुर्चीत बसल्यावर ही वायर तुम्हाला आठवली होती का?"

नवऱ्याने तपासनिसाकडे बघितलं.

"तिकडे नका बघू. त्यांचं बोलून झालंय. माझ्याकडे बघून सांगा. आठवली होती, की नव्हती?"